एकच संकेत, दोन आजार: आमवात आणि कॅसलमन आजार

सिग्नल, सेन्सर आणि फीडबॅक हे शब्द तुम्ही कंट्रोल सिस्टिमच्या तासाला शिकता. आज तेच शब्द शरीराला लावून पाहू. एखाद्या रुग्णाची बोटे सकाळी तासभर आखडलेली असतात, मनगटे सुजतात आणि त्याच सुमारास मानेत किंवा काखेत गाठी येतात. हे दोन आजार समजायचे, की एकाच बिघाडाची दोन रूपे? उपचार या उत्तरावर ठरतात.

१. दोन आजारांची ओळख

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. सूज टिकून राहिली तर कूर्चा आणि हाड झिजते.

कॅसलमन आजार मात्र दुर्मिळ आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील बेंजामिन कॅसलमन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये छातीत अशी गाठ असलेल्या १३ रुग्णांचे वर्णन केले. यात लसीकाग्रंथी वाढतात, पण हा कर्करोग नव्हे. गाठ एकाच जागी असेल तर ती बहुधा शस्त्रक्रियेने काढतात. अनेक जागी असेल तर ताप, वजनात घट, रक्तक्षय आणि पुढे अवयव निकामी होण्याचाही धोका असतो. या दुसऱ्या प्रकारातील काही रुग्णांत एचएचव्ही-८ हा विषाणू सापडतो. बाकीच्यांत कारण अज्ञात असते.

२. सामाईक संकेत

पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यांपैकी एक म्हणजे इंटरल्यूकिन-६. ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले. १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की कॅसलमन आजारातील ग्रंथीच हा रेणू भरमसाट बनवतात. एका रुग्णाची एकमेव गाठ काढताच रक्तातील त्याची पातळी उतरली आणि लक्षणेही कमी झाली. स्रोत तोडला, सिग्नल पडला!

आमवातात सुजलेल्या सांध्यातूनही हाच रेणू निघतो. तो यकृतात पोहोचला की सीआरपी वाढते, ईएसआर चढतो. हेप्सिडिन वाढल्याने लोह साठ्यातच अडकते. म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन फारसे सुधारत नाही.

या रेणूचा रिसेप्टर अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध जपानमध्ये २००५ साली आधी कॅसलमन आजारासाठी आणि २००८ साली आमवातासाठी मंजूर झाले. दुर्मिळ आजाराच्या अभ्यासाचा लाभ असा नेहमीच्या आजारालाही झाला.

३. निदान कुठे अडते?

सीआरपी 'दाह आहे' एवढेच सांगते. तो कुठून येतो हे सांगत नाही. त्यात आमवातामुळेही ग्रंथी वाढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅसलमनसारख्या दिसू शकतात. म्हणूनच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, कारण अज्ञात असलेल्या प्रकाराचे निदान करण्यापूर्वी आमवात, ल्युपस, लिंफोमा आणि काही संसर्ग वगळावे लागतात. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की क्षयरोगाची शंका आधी येते, आणि ती रास्तच आहे. पण शंका म्हणजे निदान नव्हे.

सुईने घेतलेल्या नमुन्यात पेशी दिसतात, ग्रंथीची रचना दिसत नाही. शक्य असेल तेथे पूर्ण ग्रंथी काढून तपासणे चांगले. त्याआधी स्टिरॉइड सुरू झाले तर चित्र पुसट होऊ शकते.

मी हे दिल्लीतील द्वारकेतून लिहीत आहे. इथे काय किंवा पुण्यात काय, सांधे एका दवाखान्यात दाखवले जातात आणि गाठ दुसऱ्या. फायली दोन होतात, आणि दोन्ही माहिती एका टेबलावर येतच नाही. घरात असा रुग्ण असेल तर तुम्ही एवढे नक्की करा: दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना, तारखांसह सांगा.

४. सेन्सर झाकला जातो तेव्हा

टोसिलिझुमॅब चालू असताना संसर्ग झाला तरी सीआरपी वाढेलच असे नाही. मीटर शून्य दाखवतो, पण आग असू शकते. म्हणून अशा रुग्णाचा ताप अंगावर काढू नये. औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणीही करतात.

स्वाध्याय

१. एकमेव गाठ काढल्यावर इंटरल्यूकिन-६ कमी झाले, यावरून काय सिद्ध होते?
२. टोसिलिझुमॅबने सांधे आणि गाठी दोन्ही उतरल्या, तर मूळ आजार एकच होता असे म्हणता येईल का? कारण द्या.