रंग उतरल्यावर उरतं ते

पायथॉनमध्ये टर्मिनलवर एखादा शब्द लाल छापायचा, तर त्याच्या आधी पाच चिन्हांचा एक संकेत टाकावा लागतो: २७ क्रमांकाचं, पडद्यावर न दिसणारं ‘एस्केप’, उघडता चौकोनी कंस, ३, १ आणि शेवटी छोटा एम. शब्द संपला की ३१ च्या जागी शून्य घालून तोच संकेत पुन्हा द्यायचा. शून्य विसरलं, तर पुढच्या ओळीही लालच उमटतात. म्हणजे आपण रंग पाठवत नसतो, टर्मिनलला हुकूम देत असतो. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे हे संकेत रुळले, आणि त्याचा पडदा तर एकरंगी होता. रंगांचे आकडे प्रमाण संकेतांत होतेच, ते पुढे कामी आले. आजही ३१ म्हणजे नेमका कोणता लाल, हे वापरणाऱ्याची थीम ठरवते. ३३ चा पिवळा काळ्या पडद्यावर उठून दिसतो, पांढऱ्यावर वाचवत नाही.

अडचण अशी, की हा हुकूम मजकुरातूनच वाहतो. पाच अक्षरी इंग्रजी शब्द लाल केला, की पायथॉनच्या हिशेबी त्याची लांबी १४ होते. बारा अक्षरांच्या रकान्यात तो बसवायला जावं, तर भरणीची एकही मोकळी जागा पडत नाही आणि पुढचा रकाना सरकतो. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर संकेतही फाइलमध्ये जातात. मग ‘त्रुटी:’ शोधूनही सापडत नाही, कारण लाल शब्द आणि अपूर्णविराम यांच्यामध्ये तो शून्याचा संकेत बसलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘रिच’सारखी लायब्ररी हे सगळं सांभाळते. खरं आहे. समोर टर्मिनल आहे की फाइल हे ती तपासते, रुंदीही नीट मोजते. पण कोणत्या शब्दाला कोणता रंग, हे तिला ठरवता येत नाही. मग रंगच नको, हाही उपाय नव्हे. चाचण्यांच्या शेकडो ओळींतून नापास झालेली एक ओळ नजर लालीमुळेच पकडते. मात्र त्या ओळीत ‘नापास’ हा शब्दही हवा. पास-नापास फक्त हिरव्या-लाल ठिपक्यांनी सांगितलं, तर या दोन रंगांत फरक न कळणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘नो_कलर’ हा पर्यावरण-चल लावून प्रोग्रॅम एकदा बिनरंगी चालवून पाहावा. तेव्हाही प्रत्येक ओळीचा अर्थ लागला, तर रंग खुशाल द्यावेत.