‘बिग बिझनेस’ (१९२९) : फाजील आत्मविश्वासाची विनोदी मीमांसा

प्रस्तावना :
स्टॅन लॉरेल व ऑलिव्हर हार्डी या जोडीच्या मूकपटांत ‘बिग बिझनेस’ला मानाचे स्थान आहे. हॅल रोच यांची निर्मिती व जेम्स हॉर्न यांचे दिग्दर्शन असलेला हा दोन रिळांचा लघुपट एप्रिल १९२९ मध्ये प्रदर्शित झाला. धसमुसळा विनोद म्हणजे निव्वळ आदळआपट, असा समज अभ्यासकांतही आढळतो. प्रस्तुत लेखात या आदळआपटीमागील रचना स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कथानक :
कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात हे दोन विक्रेते दारोदार नाताळची झाडे विकत फिरतात. एका दारी अपमान होतो, दुसऱ्या दारी डोक्यात हातोडा बसतो; तथापि त्यांचा उत्साह मावळत नाही. तिसरा गृहस्थ (जेम्स फिनलेसन) नकार देऊन दार लावतो, तोच झाड दारात अडकते. ते सोडविण्यासाठी पुन्हा घंटा वाजवावी लागते. नकार स्पष्ट असूनही पुढील वर्षाची मागणी आजच नोंदवावी, अशी ‘कल्पना’ त्यांना सुचते. संतापलेला गृहस्थ झाड कापतो आणि संघर्षास तोंड फुटते. अखेरीस विक्रेत्यांची मोटार व गृहस्थाचे घर, दोन्ही उद्ध्वस्त होतात.

विवेचन :
येथील विध्वंस बेभान नसून शिस्तबद्ध आहे. एक पक्ष मोडतोड करीत असता दुसरा त्यास अडवीत नाही. शांतपणे पाहतो, नंतर आपली पाळी घेतो. झाडाचा सौदा होत नाही. परंतु प्रत्येक नुकसानीची परतफेड मात्र चोख होते. ज्याला व्यवहार म्हणतात, त्याचा केवळ सांगाडा येथे शिल्लक राहतो. पोलीस अधिकारीही बराच वेळ हस्तक्षेप न करता वहीत नोंदी करीत राहतो, म्हणजे तोही हिशेबनीसच ठरतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हास्य’विषयक ग्रंथात, सजीव माणसाच्या वर्तनात यांत्रिक ताठरपणा शिरला की हास्य निर्माण होते, असे प्रतिपादन केले आहे. या विक्रेत्यांचा आत्मविश्वास असाच यांत्रिक आहे. समोरच्या माणसाचा नकार त्यांना ऐकू येतो, पण उमगत नाही. ग्राहक त्यांच्या लेखी माणूस नसून केवळ एक दार असतो. गृहस्थही त्याच ताठरपणाने प्रत्युत्तर देतो. म्हणून प्रेक्षक कोणाचीच बाजू घेऊ शकत नाही.

शेवटी सर्वजण रडतात, समेट होतो, गृहस्थास सिगार भेट मिळते. मात्र विक्रेत्यांचे रडणे खोटे ठरते व सिगारचा स्फोट होतो. पश्चात्तापही विक्रीच्या मालासारखाच बनावट निघतो.

निष्कर्ष :
अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९२ मध्ये या लघुपटाचा समावेश झाला. ऑक्टोबर १९२९ च्या शेअर बाजारातील घसरणीचे भाकीत त्यात शोधणे अनाठायी ठरेल. परंतु दुसऱ्याचा नकार न स्वीकारणाऱ्या आत्मविश्वासाची किंमत उभय पक्षांना मोजावी लागते, हे त्याने शब्दांविना दाखविले, यात त्याचे मोल आहे.