दुःख खरे, पण ‘मी नालायक’ हे कशावरून?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात परंडा, भूम भागातील उभी पिके गेली; कित्येकांच्या रानातली मातीही वाहून गेली. त्यानंतर काही दिवसांनी पन्नाशीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. झोप नाही, जेवण नाही, छातीत धडधड. “डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी द्या.” रक्तदाब, कार्डिओग्राम ठीक होते. पत्नी हळूच म्हणाली, “रातभर ओट्यावर बसून राहत्यात. म्हणत्यात, जगून काय उपेग?”

मी त्यांना सरळच विचारले, “जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते रडले. म्हणाले, “सोयाबीन गेलं, कर्ज डोक्यावर. पोरीचं लग्न औंदा व्हायलाच पाहिजे. न्हाई झालं तर मी बाप म्हणायच्या लायकीचा न्हाई.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे सार असे : माणूस केवळ घटनेने खचत नाही, त्या घटनेबद्दल तो मनाशी जे बोलतो, त्याने खचतो. पीक बुडाले, ही घटना. ‘मी नालायक’, हा विचार. तो तपासून पाहता येतो.

मी विचारले, “गावात आणखी कुणाचं पीक गेलं?”

“समद्यांचंच. थोरल्या भावाचं बी.”

“मग तेही नालायक बाप?”

“छे! पावसापुढं कुणाचं चालतंय?”

“हाच न्याय स्वतःला का नाही?”

ते बराच वेळ गप्प बसले.

‘व्हायलाच पाहिजे’ यातला ‘च’ घातक. त्याऐवजी ‘व्हावे अशी माझी इच्छा आहे, नाही झाले तर वाईट वाटेल, पण त्यातून मार्ग काढू’ असे म्हणून पाहावे. दुःख उरतेच. स्वतःला दिलेली शिक्षा मात्र कमी होते.

हे एका भेटीत होत नाही. फवारणीची औषधे घरातून हलवायला आणि त्यांना एकटे न सोडायला मी पत्नीला सांगितले. त्याच दिवशी त्यांना शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. काही काळ गोळ्याही लागल्या. दर आठवड्याला ते माझ्याकडे वही घेऊन येत : डावीकडे मनात आलेला विचार, उजवीकडे त्याला पुरावा काय. पुढे ते स्वतःच व्याह्यांकडे गेले आणि लग्न पुढे ढकलून आले. आता झोप लागते.

कर्ज अजून आहे. विचार बदलल्याने कर्ज फिटत नाही. पण बँकेच्या दारात उभे राहण्याचे बळ येते.

वाचकहो, घरातले कोणी ‘माझा काय उपयोग’ म्हणू लागले, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा.