बांधावरची शतावरी

मृगाच्या सरी दोनचार वेळा कोसळल्या, की अकोले तालुक्यातील डोंगरउतारांवर आणि रानाच्या कडेला शतावरीचे नवे कोंब जमीन फोडून वर येतात. कोवळेपणी ते बोटांनी सहज मोडतात. पण हा कोवळेपणा थोड्याच दिवसांचा सोबती असतो. लवकरच कोंबाचा वेल होतो, त्याला काटे धरतात आणि तो झुडपांच्या आधाराने वर चढू लागतो. ज्याला वेळ साधली त्याच्या ताटात भाजी पडली. ज्याची चुकली त्याला पुढच्या पावसाची वाट पाहणे आले.

सुशिक्षित मराठी माणसाला शतावरी ठाऊक असते ती बरणीतली. बाळंतिणीला दुधाबरोबर द्यावयाचा कल्प म्हणजेच शतावरी, अशी पुष्कळांची समजूत आहे. दुसरीकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत ‘अ‍ॅस्परॅगस’ या नावाची हिरव्या दांड्यांची जुडी चढ्या भावाने विकली जाते. ही विलायती भाजी आणि सह्याद्रीतील शतावरी या एकाच प्रजातीतील दोन जाती, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सख्ख्या बहिणीच. एकीला पंचतारांकित ताटात मान मिळाला. दुसरी भाजी म्हणून केवळ डोंगरातील आदिवासी कुटुंबांच्या चुलीपुरती उरली. कोवळे कोंब चिरून, कांदा-मिरचीच्या फोडणीत थोडी मूगडाळ घालून केलेली ही भाजी साधी असते. तिची किंचित कडसर चवही तिच्या ताजेपणाचीच खूण होय.

ताजेपणाचा हा मुद्दा केवळ जिभेच्या चोचल्यांचा नव्हे. कोंब म्हणजे वाढीच्या ऐन भरातील खोड. कापल्यानंतरही त्याचे श्वसन वेगाने चालू राहते. साठलेली साखर खर्ची पडते आणि बुडाकडून धागे राठ होत जातात. म्हणूनच युरोपातील रसिक गावाजवळच्या शेतातील, त्याच दिवशी कापलेल्या अ‍ॅस्परॅगसची वसंतात वाट पाहतात. शीतगृहे आणि विमाने यांनी हा ऋतू बारमाही केला खरा. पण त्याची किंमत कोणीतरी मोजलीच. पेरू देशातील इका हे जवळजवळ पर्जन्यहीन वाळवंटी खोरे. तेथे परदेशी बाजारासाठी अ‍ॅस्परॅगसचे मळे फुलले आणि भूजलाची पातळी खोल खोल गेली. उसाच्या मळ्यांशेजारीच टँकरची वाट पाहणारी गावे ज्या जिल्ह्याने पाहिली, त्याला या कथेचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या या जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पाऊस अक्षरशः धो धो कोसळतो; पूर्वेकडे कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या माळावर तो पाहुण्यासारखा येतो. शतावरी या दोहोंशी जुळवून घेऊ शकते. तिची सुईसारखी पाने ही खरे पाहता पाने नसून खोडाचेच रूपांतर आहे. त्यामुळे पाण्याचा व्यय कमी होतो. जमिनीखाली रसाळ मुळांचा मोठा झुबका असतो आणि त्यात पुढील कोंबांची शिदोरी साठवलेली असते.

परंतु नेमक्या या मुळांनीच तिच्यावर संकट ओढवले आहे. औषधासाठी बाजारात खपते ते मूळ, आणि रानातले मूळ खणून काढले की बहुधा वेलच संपतो. कोंबाचा हिशेब वेगळा आहे. काही कोंब घ्यावेत, काही वाढू द्यावेत. वाढलेला वेल मुळांत पुन्हा शिदोरी भरतो आणि पुढील पावसात परतफेड करतो. सारेच कोंब ओरबाडले तर मात्र हीही भाजी मूळ खणण्याइतकीच घातक ठरेल. कोठे थांबावे हे जाणणाऱ्या बायका डोंगरात अजून आहेत. पण हे ज्ञान कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेले नसते, आणि नातीने आजीबरोबर रानात जाणे सोडले की ते एका पिढीत लोपते.

असे ज्ञान टिकवता येते, याचा दाखला याच तालुक्यात आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता वाल, भात आणि भाजीपाल्याची देशी वाणे जमवली आणि ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याचे मर्म असे, की वाण डब्यात नव्हे, शेतात आणि ताटात जगते. हाच न्याय शतावरीलाही लागू पडतो.

अलीकडे आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सव भरतात, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण शहरी हौस वाढली आणि लागवड वाढली नाही, तर महोत्सवच रान ओरबाडण्याचे निमित्त ठरेल. म्हणून शतावरी रानातून बांधावर आली पाहिजे. तिच्या लाल फळांतील काळ्या बियांपासून रोपे करता येतात. मात्र उगवण सावकाश होते आणि वेल सशक्त होईपर्यंत काही वर्षे धीर धरावा लागतो. रोख पिकांच्या घाईत असलेल्या शेतकऱ्याने हा धीर फुकट धरावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पहाटे कोंब खुडून दुपारच्या आत राजूर किंवा अकोल्याच्या बाजारात पोहोचवणाऱ्या बाईला गिऱ्हाईकाने मेथीच्या जुडीसारखी घासाघीस न करता दाम दिले, तरच हे गणित जमेल.

शाळांनाही येथे काम आहे. शाळेच्या कुंपणालगत दहा वेल लावले आणि गावातील जाणत्या आजीला एक तास शिकवण्यास बोलावले, तर वनस्पतिशास्त्राचा धडा आणि ओळख पटल्याशिवाय रानातले काही खाऊ नये हा शहाणपणाचा धडा, दोन्ही एकदमच होतील. दूरदेशीची जुडी पैशाने मिळते. मृगातला कोंब मात्र ज्याच्या परिसरात वेल जिवंत आहे आणि तो ओळखणारा माणूस जिवंत आहे, त्यालाच लाभतो.