पडलं तर कशावर?

मे महिन्यातला गुलमोहर. वर पाहिलं तर फुलंच फुलं. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तो तपासायला आलेल्या बाईंनी मात्र वर एकदाच नजर टाकली आणि बुंध्याशी उकिडव्या बसल्या. जमिनीलगत तपकिरी, चकचकीत, कडेला पांढरी अळंबी फुटली होती. गॅनोडर्मा.

"खरवडून औषध मारलं तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काका, हे नुसतं फळ. बुरशी आत लाकडात आहे."

सालीलगतच्या जिवंत लाकडातून पाणी चढत राहतं, म्हणून खाली आधाराची मुळं कुजत असतानाही झाड हिरवंगार दिसू शकतं. फुलांवर भरवसा ठेवायचा नाही तो यासाठी.

बाईंनी हातोडीने बुंध्याभोवती ठोके दिले. बहुतेक ठिकाणी आवाज टणक आला, पश्चिमेला बद्द. मग पेव्हर ब्लॉक उचलून खुरपीने माती हळूहळू मोकळी केली आणि एकेका जाड मुळात पातळ सळई खुपसली. पूर्वेच्या मुळांत ती लगेच अडली. पश्चिमेच्या एका मुळात मात्र जोर न लावताच आरपार गेली. तिथूनच पूर्वी ड्रेनेजसाठी चर खणला होता. तोडलेल्या मुळांची टोकं अजून दिसत होती. बुरशीला आत शिरायला एवढी जखम पुरते.

पोकळ खोडासाठी झाडांच्या यांत्रिकीचे अभ्यासक क्लाउस मात्थेक यांनी एक ढोबळ मर्यादा सुचवली आहे: त्रिज्येच्या साधारण 30 टक्के तरी भरीव भिंत हवी. मुळांना असं सोपं गणित नाही. इथे झाड पूर्वेकडे, पार्किंगवर किंचित कललेलं, आणि कुजलेली मुळं नेमकी उलट्या बाजूची, तंबूच्या दोरांसारखी ताणून धरणारी. पावसाने माती भिजली की तिचीही पकड सुटते.

कमिटीत दोन तट पडले: काढून टाका आणि हात लावू नका. मला दोन्ही सारखेच आंधळे वाटले. झाडाखाली स्कूटर लागतात, बाकावर आजी-आजोबा बसतात, याचा विचार कोणीच करत नव्हतं.

बाईंनी आधी तोच केला: बाक आणि पार्किंग हलवा. मग उंची थोडी कमी करा, टोकाच्या फांद्या जिवंत उपफांदीपर्यंत आखूड करा, म्हणजे वाऱ्याचा जोर उतरेल. मुंडण नको, पानंच गेली तर कुजकी जागा बंदिस्त करायला झाडाकडे ताकद उरत नाही, आणि नंतर फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात. पोकळीत सिमेंट नको. पेव्हर काढून पालापाचोळा पसरा, बुंध्याला न टेकवता. या सगळ्याआधी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज.

छाटणीला सगळे लगेच तयार झाले. पार्किंगवर मात्र वाद लांबला. तो चालू असतानाच बाईंनी अहवालात शेवटची अट लिहिली: पावसाळ्यात दर वादळानंतर पश्चिमेची जमीन पाहावी, भेग पडली किंवा माती उचललेली दिसली, तर परिसर रिकामा करून झाड काढावं.