मोटारीचा दातेरी पट्टा

मोटारीचे टायर झिजले तर डोळ्यांना दिसतात, ब्रेक सैल झाले तर पायाला कळतात. पण आवरणाआड फिरणारा टायमिंग बेल्ट बहुधा काही न सांगताच तुटतो. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली '१००४' या गाडीत असा रबरी पट्टा वापरला. आपल्याकडे मारुती ८०० ने तो घरोघर पोचवला. अनेक इंजिनांत मात्र पट्ट्याऐवजी साखळी असते. तेव्हा आधी गाडीबरोबरची पुस्तिका पाहावी. पट्टा किती किलोमीटरनी किंवा वर्षांनी बदलावा, हेही तिथेच सापडते.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी व्हावी, हे पट्ट्याचे काम. हा ताल तुटला की कित्येक इंजिनांत वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळून ती वाकवतो. पट्ट्याचा खर्च टाळणाऱ्याला मग सबंध इंजिन उघडावे लागते.

हे काम घरी करता येते. त्याला बळापेक्षा धीर जास्त लागतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडावी. गाडी उचलायची तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम स्टँड द्यावेत. बाहेरचे पट्टे, पुली व आवरण काढल्यावर पान्याने क्रँकशाफ्ट फिरवून दोन्ही खुणा जुळवाव्यात आणि फोनवर छायाचित्र घ्यावे. त्यानंतर ताणपुली सैल करून जुना पट्टा उतरवावा. पट्टा नसताना कोणताही शाफ्ट फिरवू नये!

ताणपुली खरखरत असेल, सीलमधून तेल झिरपत असेल किंवा याच पट्ट्यावरचा पाण्याचा पंप गळत असेल, तर तेही आताच बदलावे. नवा पट्टा मुडपू नये, त्याला तेल लागू देऊ नये. तो चढवून पुस्तिकेप्रमाणे ताण द्यावा.

मग खरी परीक्षा. किल्लीला हात न लावता क्रँकशाफ्ट पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावा. मध्येच अडला तर जोर करू नये. पट्टा काढून पुन्हा लावावा. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या तरच इंजिन सुरू करावे.

या उद्योगात नवख्याचा सबंध रविवार जातो. सोमवारी सकाळी कचेरीला तीच गाडी हवी असेल, तर भरवशाच्या मिस्त्रीकडे गेलेले बरे!