अभ्रा, अस्तर आणि अवधचा हिवाळा

मराठी मुलखात थंडीचा हिशेब आपण फार ढोबळ ठेवतो. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले की ती सुरू झाली आणि होळीत लाकडे पडली की संपली, एवढ्यावर आपले भागते, आणि मधले चार महिने एक गोधडी, फार तर तिच्यावर एक घोंगडी, ओढून आपण निभावून नेतो. लखनौस मात्र या ऋतूचा जमाखर्च एखाद्या जुन्या दप्तरदाराने लिहावा तसा बारकाईने ठेवलेला असतो, आणि तो ठेवलेला असतो कापसात. कार्तिकातल्या पहाटेचा जो कोवळा गारठा, ज्याला तेथील लोक ‘गुलाबी जाडा’ म्हणतात, त्याला दुलई पुरते. अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला, गोमतीवरून धुके जुन्या चौक वस्तीच्या गल्ल्यांत शिरू लागले, की रजई उतरते. आणि पौषात पारा सात-आठ अंशांपर्यंत खाली आला की भरगच्च लिहाफाखेरीज रात्र कटत नाही. या कडाक्याला नाव आहे ‘चिल्ला’. शब्द फारसी, अर्थ चाळीस दिवसांची मुदत. पण ही मुदत मोजतात ती सूर्याच्या राशींवरून, म्हणजे धनूचे शेवटचे पंधरा दिवस आणि मकरेचे पहिले पंचवीस. फारसी नावाची आणि भारतीय पंचांगाची इतकी बेमालूम शिवण मी अन्यत्र पाहिलेली नाही.

माझी आत्या या शहरात आली ती गाण्यासाठी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली येथे कैसरबाग भागात संगीताचे विद्यालय उभे केले, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्यास ‘मॅरिस कॉलेज’ म्हणत. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ चालविले आणि त्या निमित्ताने कैसरबागेत मराठी बोल कानी पडू लागले. आत्या शिकली, शिकवू लागली आणि तेथलीच झाली. तिच्या मराठीत ‘जरा तशरीफ ठेव’ असली वाक्ये निःसंकोच येत. एका वर्षी सहा ऋतूंची एक रजई शिवावी, तीत प्रत्येक ऋतूची फुले-पाने काढावीत, असा मनसुबा घेऊन मी तिच्याकडे मुक्कामाला गेले. सिकंदरबागेतल्या वनस्पती-उद्यानात, जे 1953 साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि जेथील शेवंतीचे प्रदर्शन पाहण्यास डिसेंबरात सारे शहर लोटते, तेथे दोन सकाळी बसून मी आकृत्याही काढून आणल्या. आत्याने चष्मा लावून त्या पाहिल्या, बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, “वर काय काढायचं ते मागाहून बघू. आत किती भरणार, ते आधी सांग.”

तिचा हा प्रश्न मला तेव्हा किंचित रुक्ष वाटला. आज वाटते की या विषयातले सारे मर्म त्यातच होते.

कारण रजईची ऊब कापसाची नसते, कापसाने अडवून धरलेल्या हवेची असते, आणि कापूस जितका मोकळा पिंजलेला तितकी हवा अधिक. दोन-तीन हिवाळे अंगाखाली-अंगावर दडपून गेल्यावर त्याचे गठ्ठे होतात, हवा निघून जाते, वजन तेवढेच राहते आणि थंडी आत शिरते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा नवा कापूस बाजारात रुजू होतो, तेव्हा जुन्या रजया उसवून पिंजाऱ्याकडे धाडण्याचा दस्तूर पडला. आपण ज्याला पिंजारी किंवा नदाफ म्हणतो तो तिकडे धुनिया किंवा बेहना. भरण्यासाठी लांब धाग्याचा उंची कापूस त्याला नको असतो. देशी, आखूड धाग्याचा, किंचित खरबरीत कापूसच दबल्यावर पुन्हा उसळी घेतो, असे त्याचे मत, आणि ते योग्य आहे. पिंजण्याची यंत्रे गल्लोगल्ली आली आहेत, परंतु आत्याच्या अंगणात त्या वर्षी एक वृद्ध मियाँ खांद्यावर धुनकी टाकून आले. माणसाहून उंच ते धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात, आणि ती झोडायला लाकडी मूठ. तात ढिगाच्या वरच्या थरास जेमतेम स्पर्श करी, मुठीचा ठोका पडे, एक घुमणारा, खालच्या षड्जासारखा नाद उठे, आणि करड्या पडलेल्या गठ्ठ्यातून पांढरे पुंजके उडून पलीकडे साचत. आत्या ओसरीवर बसून हाताने सम दाखवीत होती. मियाँनी एकदा थांबून विचारले, “बहनजी, लय बराबर है?” आणि दोघेही हसली.

पुढचे काम मी अगदी जवळून पाहिले. तीन बाजूंनी शिवलेली खोळ उलटी करून अंथरली, तिच्यावर कापसाचा थर चौरस पसरला, कडांना किंचित जास्त, कारण पाय नेहमी कडेला जातात. मग थर आणि खोळ मिळून वळकटीसारखी गुंडाळली आणि उघड्या तोंडातून ती अशी काही पालटली की कापूस आपसूक आत गेला आणि कापडाची सुलट बाजू वर आली. ही हातचलाखी दोनदा दाखवूनही मला साधली नाही. नंतर बारीक काठीने साऱ्या पृष्ठावर हलके ठोके देत थर सारखा केला आणि लांब सुईने टाके घालण्यास आरंभ झाला. या टाक्यांना तिकडे ‘डोरे डालना’ म्हणतात, आणि एखाद्यास प्रेमपाशात गुंतविण्यालाही हिंदीत हाच वाक्प्रचार. मात्र मियाँच्या वयाकडे पाहता त्यावर विनोद करणे मला प्रशस्त वाटले नाही.

या कलेची परिभाषा ऐकताना मराठी माणसाला आपलीच जुनी मंडळी परमुलखात भेटल्यासारखे होते. रजईच्या दर्शनी कापडाला ते ‘अब्रा’ म्हणतात, पोटाच्या कापडाला ‘अस्तर’. आपण अस्तर जसेच्या तसे ठेवले आणि अब्रा उशीवर चढवून त्याचा अभ्रा केला. कडेची बारीक पट्टी ‘मगजी’, तीही आपल्या जुन्या शिंप्यांच्या तोंडी होती. छापील सुट्या अब्ऱ्याला ‘फर्द’ म्हणतात, आणि आपल्या दप्तरात फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद! अशा फर्दांचे मोठे ठाणे म्हणजे गंगेकाठचे फर्रुखाबाद. तेथील साध समाजाच्या लोकांनी ठशांनी छापलेली कैरी, बारीक बुट्टे आणि फांद्याफांद्यांनी सारे क्षेत्र व्यापणारा वृक्ष, यांनी अवधच्या कित्येक पिढ्यांच्या झोपेवर छाया धरली आहे. जयपूरची रजई पाव किलो कापसात ऊब देते म्हणून मिरवते खरी. पण तो नाजूकपणा वाळवंटी रात्रीसाठी ठीक, चिल्ल्यातल्या ओल्या धुक्यापुढे त्याचा निभाव लागेल असे मला वाटत नाही.

आता फुलांविषयी. लखनौचे खरे नाव झाले ते चिकनकामाने, ज्याला 2008 साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला, आणि हे काम मुळात उन्हाळ्याचे: विरविरीत मलमलीवर पांढऱ्या धाग्याने काढलेली पांढरी वेलबुट्टी. टाके बत्तीस आहेत असे सांगतात. मी मोजीत बसले नाही. पण त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. ‘मुर्री’ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा फुगीर टाका, ‘फंदा’ बाजरीच्या कणाएवढी गाठ, ‘घासपत्ती’ गवताच्या पात्यासारखी, ‘धनियापत्ती’ कोथिंबिरीसारखी. निसर्गाचे चित्र काढण्यापूर्वीच या बायकांनी, कारण हे भरतकाम बहुतांशी घरोघरच्या बायकाच करतात, निसर्ग सुईच्या एकेका हालचालीत साठवून ठेवला आहे, तोही शेतातला आणि स्वयंपाकघरातला. नबाबी काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी या तांदूळ-बाजरीकडे लक्ष दिलेले फारसे आढळत नाही.

वाङ्मयाने लक्ष दिले, पण निराळ्या अंगाने. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याच्या ‘माधुरी’ मासिकाचे संपादन करणाऱ्या प्रेमचंदांनी ‘पूस की रात’मध्ये कांबळ्यासाठी साठविलेले तीन रुपये सावकाराच्या पदरी घालून उघड्या शेतात कुडकुडणारा हलकू उभा केला, आणि येथल्याच इझाबेला थोबर्न महाविद्यालयात शिकलेल्या इस्मत चुगताई यांच्या 1942 च्या ‘लिहाफ’ कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला झाला. एकीत पांघरूण नाही म्हणून दुःख, दुसरीत पांघरुणाखालचे.

हलकूच्या वर्गाला रजई कधी मिळालीच नाही. त्याची ती ‘कथरी’, आपल्या वाकळेची सख्खी बहीण, संस्कृत कंथेची लेक. जुन्या लुगड्या-धोतरांचे थरावर थर आणि त्यांवर धावदोरा. तीत कापूस नाही, पिंजारी नाही, म्हणून ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त करण्याची सोयही नाही. अशीच चिंध्यांची गोधडी शिवणाऱ्या उत्तर कानड्यातल्या सिद्दी बायका मात्र तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात आणि त्यांवाचून तिला उघडी समजतात. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने 1956 साली आपणास महिन्यांकडे पाहण्याची दृष्टी दिली, या बायकांनी चिंध्यांतून तेच केले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण पुष्कळदा त्यांच्यासमोर प्रश्न दृष्टीचा नव्हे, पुरेशा चिंध्यांचा असतो.

माझी रजई अखेर झाली. सहा ऋतूंचे चार झाले, कारण आत्याच्या मते हेमंत आणि शिशिर यांना चित्राची गरजच नव्हती, ते आत भरलेले होते. उरलेल्यांत वसंताला काटेसावर, ग्रीष्माला बहावा, वर्षेला कोवळे भाताचे रोप आणि शरदाला पारिजातक. भाताचे दाणे आत्याने मुर्रीने भरले. पारिजातकाच्या देठांनीच कापड रंगवावे, ही हौस माझी. सारा आश्विन देठ वाळविले, उकळले, सुरेख केशरी रंग चढला आणि पहिल्या धुण्यात, उरलासुरला उन्हात, उडून गेला. हा रंग टिकाऊ नाही हे आत्याला ठाऊक होते. “मग सांगितलं का नाहीस?” म्हटले, तर म्हणाली, “शरद तरी कुठे टिकतो?” मला मात्र तुरटी घालून पुन्हा रंगवायची होती, आणि तिचे हे उत्तर अद्याप पटलेले नाही.

पुढे चैत्राच्या अखेरीस, रजया पेटाऱ्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवण्याआधी ऊन देण्यासाठी आम्ही त्या गच्चीवर पसरल्या. शेजारच्या सावरीची बोंडे तडकली होती आणि तिची रेशमी म्हातारी वाऱ्यावर येऊन रजईवर, नेमकी वसंताच्या लाल फुलांवर, बसत होती. मला ते दृश्य फार आवडले. ती तशीच आत शिवून टाकावी असे मी सुचविले. आत्या एकेक पुंजका चिमटीने उचलून पदरात गोळा करीत राहिली. “ही निसरडी असते, टाक्यात धरत नाही, सगळी एका कोपऱ्यात जाऊन बसेल,” ती म्हणाली, “उशीला होईल. जा, तो जुना अभ्रा आण.”